बालवाडी भरण्याआधीचा अर्धा तास

माझी मुलगी घरात बोलायला लागली की टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू, आणि तीही मालवणीत. कारण दिवसभर तिला सांभाळायचे ते माझे वडील. मी परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, बायको फोर्टला विमा कंपनीत. आम्ही दोघं घराबाहेर पडलो की घर त्या दोघांचं. संध्याकाळी परत यावं तर आजोबा-नात कशावरून तरी भांडत असायची आणि भांडणात आजोबा हरलेले असायचे.

हीच मुलगी बालवाडीत तोंड उघडत नव्हती. जून गेला, दिवाळी गेली, तरी तिथे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आम्ही म्हणायचो, लाजते. होईल हळूहळू.

तिचा जन्म लॉकडाऊनच्या काही महिने आधीचा. ते सगळे दिवस मी लॅबमध्ये होतो. हॉस्पिटलने दिलेल्या खोलीवर राहायचो आणि लेकीला मोबाइलवर बघायचो. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता. चौदाव्या मजल्यावर बायको, वडील आणि ते तान्हं मूल, दार बंद. नंतर सगळं उघडलं, पण दारं काही फारशी उघडली नाहीत. समोरच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं हे मला त्यांचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं तेव्हा कळलं. तिच्या वयाचं दुसरं मूल तिने जवळून पाहिलं ते जवळजवळ बालवाडीतच.

ती चार वर्षांची झाली आणि आम्ही दादरच्या एका शाळेत शिशुवर्गासाठी अर्ज केला. लहान मुलांची मुलाखत घेत नाहीत, नुसती भेट असते, असं आम्हाला फोनवर सांगितलं होतं. आम्ही तिला नवा फ्रॉक घातला. एका खोलीत दोन शिक्षिका बसल्या होत्या, पुढ्यात ठोकळे, चित्रं, फळांची परडी. त्या चांगल्याच होत्या. हसून म्हणाल्या, "नाव काय तुझं?" तिने टेबलाच्या कडेवर नजर लावली ती हलवलीच नाही. रंग विचारले, फळं विचारली, गाणं येतं का विचारलं. बायको तिच्या कानाशी लागून "सांग ना बाळा, सांग ना" करत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

बाहेर पडलो आणि गेटपाशीच तिने फ्रॉक ओला केला. रस्त्यावर, लोकांसमोर. ती रडली नाही, नुसती उभी राहिली. बायकोने आपली ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली आणि आम्ही टॅक्सी केली. टॅक्सी परळच्या दिशेने वळली तशी मागून आवाज आला, "पप्पा, ता सफरचंद खोटा व्हता. प्लास्टिकचा."

शाळेकडून कळवलं, मुलगी अजून तयार वाटत नाही, पुढच्या वर्षी जरूर या. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं.

पण घरात त्यानंतर चार दिवस कुणाला धड जेवण गेलं नाही. बहीण फोनवर म्हणाली, डॉक्टरला दाखवा. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी लिफ्टमध्ये एका आजाराचं नाव घेतलं, अगदी सहज, जणू भाजीचा भाव सांगावा तसं. मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचायला लागलो आणि जेवढं वाचलं तेवढा घाबरत गेलो. वडील तेवढे ठाम होते. "मी पण उशिरानच बोलाक लागलंय. माजा काय अडला?" बायको ओट्यापाशी उभी राहून मला म्हणाली, "मी लवकर कामावर रुजू झाले म्हणून झालं का रे हे?" माझ्या मनात तर दोषी मीच होतो, मोबाइलच्या पडद्यावरचा बाप.

आमची बालवाडी परळला, एका जुन्या चाळीतल्या बुद्धविहाराला लागून असलेल्या मोठ्या खोलीत भरते. तिथल्या बाईंनी पन्नाशी ओलांडली आहे, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्या आठवड्यात मी लेकीला न्यायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, जरा बसता का?"

मी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसलो. त्यांनी शाळेचं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"ती बोलत नाही, त्याचं मला तेवढं नाही वाटत," बाई म्हणाल्या. "पण तिला तहान लागली तर ती सांगत नाही. शू लागली तरी सांगत नाही, घरी जाईपर्यंत धरून बसते. मी आपणहून घेऊन गेले तर जाते. मोठ्या शाळेत कोण लक्ष ठेवणार? अक्षरं काय, अक्षरं येतील. हे आधी जमायला पाहिजे."

मला गेट आठवलं. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय असेल?"

"मी अंदाज सांगणार नाही. ते माझं काम नाही." बाई म्हणाल्या. "एक मॅडम आहेत. लहान मुलांची वाढ, वागणं, शाळेची तयारी हे सगळं बघतात. आधी आपल्या खोलीत येऊन मूल कसं वागतं ते बघतात, मग बोलतात. तुमची हरकत नसेल तर मी त्यांना बोलावते."

त्या दिवशी बाई "बघू या पुढच्या वर्षी" म्हणून गप्प बसल्या असत्या तर आम्हीही बसलो असतो.

मॅडम आल्या. तिशीतल्या, साधा कुडता, पाठीवर सॅक. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही असं बाईंनी मला सांगितलं. कोपऱ्यात चटईवर बसून रंगीत कागदाच्या पट्ट्या कापत राहिल्या. मुलं त्यांच्याभोवती जमली. आमची मुलगी लांब भिंतीला टेकून बघत राहिली. मॅडमनी तिला बोलावलं नाही. असं त्या बऱ्याच सकाळी आल्या.

मग त्यांनी आम्हाला त्यांच्या केंद्रावर बोलावलं आणि निरोप दिला की आजोबांनाही आणा. वडील इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. मॅडमनी इतके प्रश्न विचारले की मला वाटलं आपल्याच मुलीबद्दल आपल्याला किती थोडं माहीत आहे. स्वतःची चप्पल घालते का? खेळात हरली तर काय करते? दुसरं कुणी रडलं तर तिकडे बघते का? नको असेल तर नको म्हणते का? आपली पाळी येईपर्यंत थांबते का?

"पत्त्यात तर ती माकाच थांबवता," वडील म्हणाले. मॅडम हसल्या आणि मग बहुतेक प्रश्न त्यांनाच विचारले. माझ्या बापाला आयुष्यात कुणी इतक्या आदराने इतकं विचारलं नसेल. मिलमध्ये कामाला होते तेव्हा तर नाहीच. ते खुलले. नात काय खाते, कशाला घाबरते, कुठलं गाणं उलटंसुलटं म्हणते, सगळं सांगितलं.

पुढच्या वेळी मॅडमनी मुलीला घेऊन काम केलं. मी खोलीतच बसलो होतो. मणी ओवायचे, चित्रं क्रमाने लावायची, कात्रीने रेघेवर कापायचं. तोंडाने सांगायचं काही नाही, बोट दाखवलं तरी चालेल. तिने ते सगळं केलं. मध्येच मॅडमच्या हातून एक बाहुली खाली पडली. मुद्दाम पाडली असेल. "अरे, लागलं हिला," त्या नुसत्याच म्हणाल्या. मुलीने बाहुली उचलली, गुडघा शोधला आणि त्याच्यावर फुंकर घातली.

नंतर मुलं घरी गेल्यावर आम्ही बालवाडीतच बसलो. मी, बायको, बाई आणि मॅडम. माझ्या डोक्यात आमच्या लॅबसारखा रिपोर्ट होता. आकडा, आणि शेजारी नॉर्मल किती ते. मॅडमनी आकडे बाजूला ठेवले आणि काय पाहिलं ते सांगायला लागल्या.

"नळापाशी रांग असते ना, त्यात ती लहान मुलांना पुढे जाऊ देते. शेजारच्या मुलाचं डब्याचं झाकण उघडत नव्हतं. तिने उघडून दिलं, डबा परत सरकवला आणि दुसरीकडे बघत बसली. आणि गाणी चालू असतात तेव्हा तिच्या हातांकडे बघितलंय कधी? सगळी मुलं हात वर करून करतात. ही मांडीवर, बोटांनी तेच सगळं करते. एकही कृती चुकत नाही."

बाईंनी मान हलवली. बायको माझ्याकडे बघत होती. आम्ही इतके दिवस मुलगी काय करत नाही तेवढंच मोजत होतो.

"तिची समज चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "हातही चांगला चालतो. दुसऱ्या मुलांबद्दल तिला आस्था आहे. घरी बोलते तेही वयाला साजेसं, उलट थोडं पुढचंच. फक्त अनोळखी जागी, अनोळखी माणसांसमोर तिला बोलता येत नाही. घशात अडकतं. हा हट्ट नाही, आणि लाडाचा परिणामही नाही. काही मुलांचं असं होतं आणि ते सुटतं. पण 'बोल, बोल' केलं की आणखी घट्ट बसतं."

"माझ्यामुळे झालं का?" बायकोने विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. तेवढंच. बायकोने ओढणी डोळ्यांना लावली, आणि बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांचं म्हणणं पडलं की मुलीला आणखी एक वर्ष इथेच राहू द्यावं. मी म्हणालो, "तिच्या बरोबरीची मुलं पुढे निघून जातील."

"जाऊ देत ना. तिला काय जमलं की ती शाळेसाठी तयार, ते आपण ठरवू. तहान लागली तर सांगणं. मदत मागणं. एका तरी मुलाशी खेळणं. हे घेऊन ती गेली की बाकीचं शाळा शिकवेल."

मग त्यांनी उपाय सांगितला. बालवाडी भरण्याआधी अर्धा तास बाई येऊन चटया घालतात. त्या वेळात मी मुलीला घेऊन यायचं. खोलीत फक्त आम्ही दोघं, बाई बाहेर. तिथे खेळायचं, बोलायचं. तिला त्या खोलीत आपला आवाज ऐकायची सवय होऊ दे. मग बाई हळूहळू जवळ येतील. त्यानंतर एखादं मूल.

"आणि मालवणी?" बाईंनी विचारलं.

"तिची जी भाषा आहे तीच. शुद्ध-अशुद्ध नंतर."

त्यासाठी मला सकाळी उशिरा कामावर जाणं भाग होतं. लॅबमधल्या एका सहकाऱ्याला मी भीत भीत विचारलं. त्याने वर्षभर माझी सकाळची शिफ्ट घेतली. त्याला स्वतःला मूलबाळ नाही. "जा रे तू, खेळून ये," एवढंच म्हणायचा.

पहिल्या सकाळी ती माझ्या कानाला चिकटून कुजबुजली, "बाई खंय असत?" बाई बाहेर पायरीवर आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत होत्या. तरी ती मोठ्याने बोलेना. बरेच दिवस आम्ही कुजबुजतच खेळलो. मला खेळ सुचत नव्हते. शेवटी वडिलांनीच तोड काढली. मी लॅबमधून रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे आणले, त्यांनी त्याचे मासे कापले आणि रंगवले. बांगड्याच्या पाठीवरचे पट्टेसुद्धा काढले. बोंबील इतका बोंबलासारखा झाला की बायकोने हात लावायला नकार दिला.

मग खेळ चालू झाला. मुलगी टोपली घेऊन बसायची, मी गिऱ्हाईक. मी मुद्दाम वाईट गिऱ्हाईक व्हायचो. मासा दाबून बघायचो, वास घ्यायचो, नाक मुरडायचो. ती चिडायची. चिडली की आवाज चढायचा, आणि चढलेला आवाज त्या मोठ्या खोलीत घुमायचा. पहिल्यांदा घुमला तेव्हा ती दचकून दाराकडे बघायला लागली. बाईंनी पेपरचं पान उलटलं, बस.

दार आधी लोटलेलं असायचं. मग अर्धं उघडं राहायला लागलं. मग बाई उंबऱ्यात बसायला लागल्या, मग आत, पण पाठमोऱ्या. हे सगळं इतक्या सावकाश झालं की मला कितीदा वाटलं, आपण वेळ फुकट घालवतोय. बाईंना ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. त्या म्हणायच्या, "दादा, भात शिजताना झाकण उघडू नये."

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची गोष्ट. मी गिऱ्हाईक होऊन बसलो होतो, बाई पलीकडे चटया सरळ करत होत्या. त्यांनी मान वर न करता मला विचारलं, "काय घेतलं हो?"

"बांगडे."

"ताजे आहेत का?"

मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं की अशा वेळी तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या वतीने उत्तर द्यायचं नाही, थांबायचं. मी जमिनीकडे बघत बसलो. बाई चटईची कडा सरळ करत राहिल्या. ती कडा आधीच सरळ होती. बाहेर कुणीतरी बादली भरत होतं. आणि टोपलीमागून जरा खरखरीत आवाज आला, "फडफडीत असत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. चटईशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मग मला पण द्या."

"पिशवी हाडलंस?"

बाई गोंधळल्या. हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. त्या माझ्याकडे बघणार तेवढ्यात मुलगी वैतागून म्हणाली, "आणलीस काय, आणलीस? पिशवी?"

"नाही आणली गं," बाई म्हणाल्या. जवळ आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि पदर पसरला. "यात घाल."

तिने दोन बांगडे मोजून पदरात टाकले. बाई उठल्या, नळापाशी गेल्या आणि तिथे बराच वेळ हात धूत राहिल्या.

मुलांमधली पहिली आली ती दोन वेण्यांची, पलीकडच्याच चाळीतली मुलगी. बाईंनी मुद्दाम तिला लवकर बोलावलं होतं. ती म्हणजे वारं होतं. आली ती थेट टोपलीपाशी बसली, "मी पण विकणार!" मला वाटलं, झालं, आता आमची मिटून जाणार. आमची मुलगी किंचाळली, "ती माजी टोपली!" दोघींची ओढाओढ झाली. मी मध्ये पडणार होतो, बाईंनी हाताने थांबवलं. शेवटी एक विकायला आणि एक मासे कापायला बसली. मी मॅडमना फोनवर सांगितलं, मुलगी पहिल्यांदाच कुणाशी तरी भांडली. "भांडली? अरे वा!" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. स्नेहसंमेलनात ती माशाचा पोशाख घालून स्टेजवर उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही. आमचे नातेवाईक मुद्दाम आले होते. मी हिरमुसलो. बाईंनी ओळखलं. "गेल्या वर्षी ती आईच्या मागून बाहेर आली नव्हती. आज एकटी उभी राहिली की नाही?"

मग एका दुपारी कामावर असताना बाईंचा फोन आला. त्या कधी फोन करायच्या नाहीत. माझ्या हातात रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे होता. तो खाली ठेवला आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही हो, घाबरू नका. मुलं डबा खात होती. ती उठून माझ्याजवळ आली, माझी साडी ओढली आणि म्हणाली, बाई, शू."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. सहकाऱ्याने विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी त्याला सांगितलं. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हसला असता. त्याने सबंध लॅबला चहा सांगितला.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिला घराजवळच्या मराठी शाळेत घातलं. मॅडम आणि बाई दोघी त्या शाळेत गेल्या आणि तिथल्या शिक्षिकेशी बोलल्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या कामात बसतही नव्हतं. नवीन शिक्षिका मग एका सकाळी बालवाडीत येऊन बसल्या, त्यांनी आमच्या दोघी छोट्या कोळणींकडून पुठ्ठ्याचे मासे घेतले. म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी त्या परक्या गर्दीत आमच्या मुलीच्या ओळखीचा एक चेहरा होता. ती आत गेली. वळून बघितलं, पण गेली.

आता ती पहिलीत आहे. वर्गातल्या बाईंशी बोलते, चार-पाच मैत्रिणींशी बोलते. पाहुणे आले की अजूनही गप्प होते, फोनवर तर मुळीच बोलत नाही. आम्ही बोलायला लावत नाही.

मध्यंतरी आम्ही तिघं मॅडमच्या केंद्रावर पेढे घेऊन गेलो. वाटलं, लेकीच्या तोंडून त्यांना थँक्यू म्हणवून घेऊ. ती एक अक्षर बोलली नाही. मी नकळत "सांग ना" म्हणून गेलो. मॅडमनी नुसती मान हलवून मला गप्प केलं. मग त्यांनी मण्यांचा डबा काढला आणि दोघी ओवत बसल्या, एकीने लाल घालायचा, दुसरीने पिवळा. निघताना बायको म्हणाली, "तुम्ही एवढं केलंत, आणि तुमच्याशीच बोलत नाही बघा ही."

"माझ्याशी बोलून तिला काय करायचंय?" मॅडम म्हणाल्या. "तिचं माझ्याकडचं काम संपलं."

खाली उतरल्यावर बायको म्हणाली, बाईंनाही पेढे देऊन येऊ. आम्ही चालत बालवाडीपर्यंत गेलो. नवीन वर्षाची मुलं आत चटयांवर बसली होती. एक मुलगी तेवढी आत जायला तयार नव्हती, पायरीवर बसून रडत होती. बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या, बोलत नव्हत्या, आपल्या भाजीतल्या शेंगा सोलत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हातानेच खूण केली, जरा थांबा.

आम्ही भिंतीच्या सावलीत थांबलो.